सोन्याच्या वहाणा

एका राज्यात राजा मणिसेन न्यायानं राज्य करी, आणि त्या राज्याला पाणी दाखवी खेमाजी पाणाड्या. उंबराची बेचकी धरून तो अनवाणी चाले. जमिनीखालचं पाणी त्याच्या तळपायांशी बोले. एकोणचाळीस ठिकाणी ते बोललं, एकोणचाळीस विहिरी भरल्या.

राजानं खूश होऊन त्याला खजिन्यातल्या सोन्याच्या वहाणा दिल्या. त्या पूर्वीच्या कुणा राजानं धूम्रकेत मांत्रिकाकडून लुटून आणलेल्या, शापित, हे कुणाला ठाऊक नव्हतं. पायात काही घालून पाणी बघू नये, हे मात्र खेमाजीला बापानं शिकवलं होतं. पण लोक बघत होते, वहाणा झळकत होत्या. त्या घालूनच त्यानं चाळिसावी जागा दाखवली. थोरला भाऊ खणायला उतरला. पाणी लागलं नाही, कडा ढासळली, भाऊ वर आलाच नाही.

त्या दिवसापासून वहाणा पायांतून निघेनात. खेमाजीनं मुंडाशाचा शेमला तोंडावर ओढला, तो तीन वर्षं तसाच.

मग एकेक करून विहिरी आटल्या. हौदात सात दिवसांचं पाणी उरलं. राजानं त्याला बोलावलं.

"महाराज, दुसरा कुणी बघा."

"दुसरा असता तर तुला उठवलं असतं का, खेमाजी?"

महालातून परतताना वाटेत टिटवी भेटली. म्हणाली, "वहाणा धूम्रकेताच्या दगडी दारातच निघतील. आधी उघड्या तोंडानं चाळिसाव्या विहिरीवर जा. मग भावजयीच्या हातचं पाणी पी. मग दार विचारील त्याचं खरं उत्तर दे. खोटं दिलंस तर दगड होशील."

"दगडच झालोय मी."

"दगड एवढं बोलत नाहीत," टिटवी म्हणाली.

भर दुपारी, सगळा गाव बघत असताना, खेमाजीनं तोंडावरचा शेमला सोडला. बुजलेल्या विहिरीशी गुडघे टेकून म्हणाला, "दादा, चूक माझी होती." तिथून उठला तो भावजयीच्या दारात. सरूबाई जात्यावर बसली होती.

"वहिनी, पाणी द्याल?"

"आता आठवण झाली होय भावजी? नवरा विहिरीनं नेला. दीर कुणी नेला, सांगा बघू!" असं म्हणून तिनं घरातला शेवटचा तांब्या त्याच्या हातावर ओतला. खेमाजी रडत रडत प्यायला.

डोंगरातलं दगडी दार गरजलं, "कोण आलंय?"

"भावाला खाणारा पापी," असं जिभेवर आलं. तोच पावलं गार पडली, घोट्यापर्यंत दगड चढला. खेमाजी थांबला. आपलं सगळं आयुष्य त्यानं एकदा नीट आठवलं, अगदी पहिल्या विहिरीपासून.

"मी खेमाजी पाणाड्या," तो म्हणाला. "एकोणचाळीस ठिकाणी पाणी दाखवलं. चाळिसाव्या ठिकाणी मिरवायला गेलो, भाऊ गमावला. दोन्ही माझंच. आता एक्केचाळिसावी जागा बघायची आहे."

दार उघडलं. दगड उतरला, वहाणा आपणहून निघाल्या आणि आत चालत गेल्या. धूम्रकेताला त्याचं मिळालं, शाप फिटला.

खेमाजी अनवाणी निघाला. भावजयीच्या अंगणात, जात्यापासून सात पावलांवर, बेचकी लवली. गाव खणायला लागला. अकरा हातांवर पाणी लागलं, आणि त्याच घटकेला जुन्या एकोणचाळीसही भरल्या.

राज्य सुखी झालं. त्या विहिरीवर आजही राजा येवो की रंक, वहाणा काढूनच काठावर चढतो. पहिला तांब्या सरूबाईच्या घरी जातो.