पालथ्या पाकळ्या

योरुबा लोकांच्या घनदाट वर्षावनात एकदा एका वृद्ध वैद्यांनी आपल्या शिष्येला पहिलाच नियम सांगितला : कौल एकदाच लावायचा, आणि 'का' म्हणून विचारायचे नाही.

शिष्येचे नाव अबोसेदे. 'का' विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घासही उतरत नसे. त्यामुळे हा नियम तिला पहिल्या दिवसापासूनच खुपत होता.

झाडाची साल काढण्यापूर्वी कोला नावाच्या झाडाची बी फोडून तिच्या चार पाकळ्या मुळाशी टाकायच्या. दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या तर झाडाचा होकार. चारही पालथ्या, तर नकार. गावातले इतर वृद्ध नकार आला की पाकळ्या उचलत आणि होकार येईपर्यंत टाकत राहत. वय झाले की नकार ऐकू येत नाही, असे अबोसेदे म्हणे.

एका पावसाळ्यात वैद्यांच्या नातीला ताप चढला. तापावर महोगनीची साल देत, आणि जवळपासच्या वनात महोगनीचे एकच झाड उरले होते. वैद्यांनी पाकळ्या टाकल्या. चारही पालथ्या पडल्या. ते दूरच्या वनाकडे चालू लागले. साल घेऊन परतले, तेव्हा नात गेली होती.

पुन्हा टाकल्या असत्या तर पोर वाचली असती, असे अबोसेदे सर्वांदेखत म्हणाली. वैद्यांनी तिला झाडापाशी नेले आणि तिचा हात बुंध्यावर ठेवला. मागे साल काढलेली जखम अजून ओली होती.

"आणखी सोलले असते तर झाड वाळले असते," ते म्हणाले. "पुढच्या तापाला मग काय दिले असते?"

"जखम तर दिसतच होती, बाबा. मग कौल कशाला?"

"त्या दिवशी माझे डोळे वैद्याचे नव्हते, आजोबाचे होते. त्यांना जखम भरलेलीच दिसत होती."

तिने त्यांना क्षमा केली नाही. ते वारले तेव्हाही नाही.

पुढे एक लाकडाचा व्यापारी आला. महोगनीच्या बदल्यात त्याने गावच्या बैठकीच्या जागेवर नवे छप्पर घालून देण्याचे कबूल केले. वृद्धांना ते पटले. पण कौलाशिवाय झाडाला कुऱ्हाड लावता येत नव्हती, आणि कौलाचा मान आता अबोसेदेकडे होता. तिने पाकळ्या टाकल्या.

चारही पालथ्या.

सर्वांत ज्येष्ठ वृद्ध हसले. "गुरूचाच हात आलाय पोरीला. उचल, पुन्हा टाक. तो पाहुणा होकार घेतल्याशिवाय काही हलत नाही."

अबोसेदे वाकली नाही.

"नात तापाने फणफणत असताना बाबांनी पुन्हा टाकल्या नव्हत्या," ती म्हणाली. "मी छपरासाठी टाकणार नाही."

वृद्ध खाली पाहत राहिले. 'का' म्हणून कोणीच विचारले नाही.