नळाने पांघरलेले गोणपाट

जलरूपाने घरोघरी नांदणाऱ्या नारायणास वंदन असो.

फार पूर्वी एका हिमशिखराच्या पायथ्याशी एका घराला पाणी पुरवणारा एकुलता एक नळ अंगणात होता. हिवाळा येताच घरच्या गिरिजाबाई त्याला गोणपाट गुंडाळून सुतळीने बांधू लागल्या, तसा तो सुतळी निसटू देऊ लागला. “मी लोखंडाचा. चिंध्या पांघरू?”

गोणपाट हसले. “बाबा रे, गोठलेले पाणी फुगते आणि लोखंडही फोडते. खिडकीतून देवघरात पाहा. विश्वाला पांघरूण घालणारा बाळकृष्णसुद्धा कानटोपी घालून बसला आहे. तू त्याच्याहून थोर का?”

नळ वरमला आणि त्याने सुतळी बांधू दिली.

सकाळी अंगणातला रांजण गोठून तडकलेला दिसला. गिरिजाबाईंनी धास्तावून तोटी फिरवली, तर पाणी खळखळत कळशीत उतरले. देवाचे स्नान झाले, चुलीवर आधण चढले. गोणपाट पांघरलेला नळ दिवसभर दिमाखात गात राहिला.

ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या घरी पाणी वाहते राहो आणि ऊब कधी न सरो.