पाण्याचा अडथळा

घोडे माणसांशी बोलत असत, तेव्हाची गोष्ट. भास्करराव हे हौशी घोडेस्वार. मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेत पाण्याच्या अडथळ्यापाशी त्यांची घोडी चंद्री तीनदा थांबली आणि ते बाद झाले. "पाण्याला घाबरते ही," असं ते भेटेल त्याला सांगत सुटले.

तबेल्यात आल्यावर त्यांनी तिच्यापुढे पाण्याची बादली आदळली. चंद्रीने डोळ्यांपर्यंत तोंड बुडवून ती रिकामी केली.

"मग तिथे का थांबलीस?"

"तुम्ही लगाम खेचलात, मालक. तिन्ही वेळा."

भास्कररावांनी तळहात पाहिले. त्यांवर लगामाचे लाल वळ अजून होते. त्यांची मान वर होईना.

"मग सगळ्यांसमोर बोलली का नाहीस?" त्यांनी हळूच विचारलं.

चंद्री म्हणाली, "मला वाटलं, तुम्हीच सांगाल."