पोपटाचा उष्टा पेरू

पेरूच्या बागेच्या कडेला एक कुडाची झोपडी होती. तिथे यमू राहायची, तिची आई आणि धाकटा भाऊ म्हादू. आई बागेत मजुरी करायची. घरात भाकरी असली तर कालवण नसायचं, पण यमूला त्याचं काही वाटायचं नाही. तिला काळजी एकच. चार वर्षांचा झाला तरी म्हादू बोलत नव्हता. जत्रेत हरवला तर नावही सांगता येणार नाही, म्हणून आई त्याला कुठे नेत नसे.

वेखंड उगाळून झालं, मध चाटवून झाला. मग कुणीतरी म्हणालं, पोपटाचा उष्टा पेरू द्या, पोर पोपटासारखं बोलेल. झालं, यमू निघाली.

हिरव्यागार पानांत तसा पेरू सापडला, आतून गुलाबी गुलाबी. आणि त्या गरात, अगं बाई, एक इवलीशी परी! चिकट रसात तिचे चिमुकले पंख अडकले होते. पेरू भावासाठी हवा होता, तरी यमूने तो फोडला आणि ओढ्याच्या पाण्याने परीचे पंख धुतले. लाल, निळे, सोनेरी ठिपके लुकलुकू लागले.

“काय देऊ तुला?” परीने विचारलं.

“माझ्या म्हादूला बोलणं दे.”

“बोलणं त्याच्या पोटातच आहे गं. मी रोज तुमच्या घरी येईन, खेळता खेळता ते ओठांवर आणू. पण त्याच्या वाटचं तू बोलायचं नाहीस. बोललीस की माझा एक ठिपका विझेल. सगळे विझले की मी गेले.”

“एवढंच ना?” यमू म्हणाली.

सांगायला सोपं हो. दुसऱ्या दिवशी परी चुलीपाशी बसली. म्हादूने माठाकडे बोट दाखवलं मात्र, यमू म्हणाली, “पाणी हवं ना राजा?” निळा ठिपका विझला. तिची तरी काय चूक? माया होती ती. पण त्या मायेपायी म्हादूला तोंड उघडायची पाळीच येत नव्हती.

परी रोज यायची. वाटीत रिठ्याचा फेस, पपईच्या देठाची नळी. ती “फूऽऽ” करायची आणि झोपडीभर सप्तरंगी फुगे तरंगायचे. म्हादूही “फूऽऽ” करायचा. यमू मात्र पुन्हा पुन्हा विसरायची. शेवटी एकच सोनेरी ठिपका उरला.

त्या दिवशी परीने वाटी यमूच्या हाती दिली आणि गप्प बसली. म्हादूने हात पुढे केला. यमू थांबली. त्याने तिचा परकर ओढला. ती थांबली. त्याचे डोळे भरले, तिचेही भरले. शब्द तिच्या जिभेवर आला होता, तिने ओठ दाताखाली धरले. म्हादू तिच्या तोंडाकडे बघत राहिला. तिथून काही येईना, तेव्हा तो हळूच म्हणाला, “दे.” आणि मग, “ताई, दे.”

आई पिठाच्या हातांनी उठली आणि दोघांना कुशीत घेऊन रडली.

मग रोज नवा शब्द आला, परीचा एकेक ठिपका पुन्हा उजळला. निरोपाच्या दिवशी परी म्हणाली, “यमू, आता तुझ्यासाठी काहीतरी माग.”

यमूला काही सुचेना. म्हादूने वाट पाहिली, पाहिली आणि म्हणाला, “ताईला पेरू.”

“अरे लबाडा, आता तू तिच्या वाटचं बोलतोस?” परी हसली. झोपडीभर सोनेरी उजेड पसरला आणि त्या उजेडात परी विरून गेली. दारात गुलाबी पेरूंनी लगडलेलं एक झाड उभं होतं.

त्या वर्षी आईने म्हादूला जत्रेला नेलं. तो हरवला नाही, पण भेटेल त्याला आपलं नाव मात्र सांगत सुटला.