शहाणा डोंगर

डोंगरांशी बोलता येत असे, त्या काळची ही गोष्ट. एका माळावर दोन ज्वालामुखी शेजारी उभे होते. एकाच्या पोटातला रस पातळ होता. थोडी वाफ साचली की तो ओघळून जाई, म्हणून सगळे त्या डोंगराला रडका म्हणत. दुसरा वर्षानुवर्षे गप्प होता. त्याला सगळे शहाणा म्हणत आणि त्याच्याच उतारावर बिळे करत.

तिथे भुरी नावाची सशीण तीन पिल्लांसह राहायची. एके सकाळी बिळातली जमीन पायांना गरम लागली आणि ती धावत बाहेर आली.

"डोंगरदादा, पोटात काही होतंय का?" तिने विचारले.

डोंगर म्हणाला, "माझ्या रसात सिलिका फार, गारगोटीत असते ना, ती. तिने रस चिकट होतो. वाफेचे बुडबुडे वर यायला बघतात आणि अडकून बसतात. रडक्यासारखं मला वाहता येत नाही."

"मग कुणाला बोलला का नाहीत?"

"सगळे शहाणा म्हणतात ना."

भुरीने घरोघरी जाऊन सांगितले, की शहाणा आता फुटणार, रडक्याच्या उतारावर चला. "त्या रडक्याकडे जायचं?" शेजारीण घोरपड कुरकुरली.

"तो कुठून वाहतो ते दिसतं तरी," भुरी म्हणाली आणि पिल्लांना घेऊन चालू लागली. मागोमाग एकेक करत सगळेच निघाले.

तिसऱ्या दिवशी शहाण्याचा माथा उडाला. राखेने आभाळ झाकले. रडक्याच्या उतारावर भुरी पिल्लांना कुशीत घेऊन बसली.

"आई, त्याला राग आला होता?" धाकट्याने विचारले.

"नाही रे," ती म्हणाली. "मी त्याला फार उशिरा विचारलं."