आतून गुळगुळीत राहिलेली कुपी

फार जुन्या काळची गोष्ट. चीन देशातल्या एका गावात एक भाऊ आणि त्याची थोरली बहीण राहत होती. तपकिरीच्या कुप्या रंगवण्याचा त्यांचा धंदा होता. कुपी काचेची, तळहातात मावेल एवढी, आणि चित्र तिच्या बाहेरून नव्हे, आतून काढायचे. टोकाशी वाकवलेली बांबूची बारीक काडी भाऊ कुपीच्या अरुंद तोंडातून आत घाली आणि आतल्या काचेवर डोंगर, नद्या, पक्षी रंगवी. बाहेरून चित्र सुलटे दिसावे म्हणून तो सगळे उलटे काढी. त्याचा हात खरोखर चांगला होता, हे कबूल केले पाहिजे.

पण गुळगुळीत काचेवर रंग धरत नाही. म्हणून आधी कुपीत लोखंडाचा कीस, वाळू आणि थोडे पाणी घालून, बूच लावून ती हलवत बसावे लागे. एकदोन दिवस नाही, वीस दिवस. तेव्हा कुठे आतली काच कागदासारखी खरखरीत होई. हे काम बहीण करी. पंधरा वर्षे करत होती. तिची मनगटे कायम सुजलेली असत आणि घास उचलताना हात थरथरे.

एके दिवशी सुभेदाराचा कारभारी दुकानात आला. सुभेदाराच्या म्हाताऱ्या आईच्या वाढदिवसासाठी कुपी हवी होती. मांडलेल्या कुप्या पाहून तो खूश झाला. तेवढ्यात त्याला कोपऱ्यातून खळखळ ऐकू आली.

"त्या बाई काय करताहेत?"

"ती होय? माझी बहीण," भाऊ म्हणाला. "तिला यातलं काही कळत नाही. रिकामी बसण्यापेक्षा कुप्या हलवते. माकडाच्या हातात दिली तर तेही हलवेल!"

कारभारी हसला. भाऊही हसला.

बहिणीने हातातली कुपी खाली ठेवली. कारभारी गेल्यावर तिने कमरेचे फडके सोडले आणि भावासमोर टाकले.

"माकड आण."

"काय?"

"सुभेदाराच्या कुपीसाठी माकड आण. मी हात लावणार नाही."

"अगं ताई, गंमत केली. मोठ्या लोकांसमोर काहीतरी बोलावं लागतं."

"पंधरा वर्षं माझी मनगटं झिजली आणि तुला बोलायला हेच सापडलं? जेवताना माझा हात कापतो, तो काय म्हातारपणाने? तुझा एक तरी बगळा माझ्या वाळूशिवाय उभा राहिलाय?"

"बरं, राहिलं!" भाऊही चिडला. "हलवायचंच तर आहे. त्यात काय मोठं!"

पहिल्या दिवशी त्याने जोरजोरात कुपी हलवली. दुसऱ्या दिवशी खांदा भरून आला. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने वाळू ओतून टाकली आणि कुपी उजेडात धरली. काच पांढुरकी दिसत होती.

"झाली की!" बहिणीला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला.

बहीण भाजी निवडत होती. "अजून सतरा दिवस राहिलेत," ती वर न बघता म्हणाली. "रंग धरायचा नाही. आत्ताच सांगून ठेवते."

"तुझ्यावाचून कुणाचं काही अडत नाही, याचा तुला त्रास होतोय."

तिने भाजीची पुढची जुडी ओढली.

भावाने काडी आत घातली. रंग ओघळला. वाळू परत भरायला हवी, हे त्याला त्याच क्षणी कळले होते. पण मग बहिणीचे खरे ठरले असते! त्याने रंगात चिकट सरस वाढवला. रंग चिकटला. दोन महिने खपून त्याने नदी, नदीत होडी आणि काठावर अकरा बगळे काढले. इतके सुंदर चित्र त्याने आजवर काढले नव्हते.

वाढदिवसाला सगळा दरबार भरला होता. सुभेदाराच्या आईने कुपी हातात घेऊन डोळ्यांजवळ नेली.

"अगंबाई! या बगळ्याची मान कुठाय?"

भाऊ पुढे झाला. बगळ्याची मान कुपीच्या तळाशी पडली होती. वाळलेल्या सरसाला तडे गेले होते. म्हातारीच्या हातातली ऊब लागताच होडी सुटली, मग नदी. तिने कुपी हलवून पाहिली. आत रंगाचा चुरा खुळखुळला.

"तपकीर तर आत आहेच," ती म्हणाली. "चित्र तेवढं काढायचं राहिलंय."

दरबार खो खो हसला. सुभेदार मात्र हसला नाही. "चार महिन्यांत दुसरी कुपी आण," तो म्हणाला. "नाही आणलीस, तर दुकानाला कुलूप."

भाऊ घरी आला तो आरडाओरडा करतच. "तू मुद्दाम केलंस! माझं नाक कापलंस!"

"मी त्या कुपीला हातसुद्धा लावला नाही," बहीण म्हणाली. "तेच तर झालं."

भाऊ मटकन खाली बसला. "ताई, आता काय करू?"

"परत जा. ज्या कारभाऱ्यासमोर हसलास, त्याच्यासमोर सांग की पंधरा वर्षं कुप्या कोण तयार करतं. सगळ्यांना ऐकू येईल असं सांग. त्याशिवाय माझ्याशी बोलू नकोस."

तो दोन दिवस घुटमळला. तिसऱ्या दिवशी गेला. भरल्या कचेरीत त्याने ते सांगितले. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. कुणीही हसले नाही, आणि ते त्याला जास्त लागले.

घरी येऊन त्याने नवी कुपी बहिणीपुढे ठेवली. तिने ती परत सरकवली.

"माझी मनगटं गेली. तू हलव. मी ऐकते. काच झाली की नाही ते आवाजावरून कळतं."

वीस दिवस तो हलवत बसला. बोटांना फोड आले, ते फुटले. विसाव्या दिवशी त्याचा हात वर उचलेना. त्याने कुपी पुढे केली. "ताई, झाली का गं?"

तिने कुपी कानाशी धरून एकदाच हलवली.

"कुपीच्या खांद्यापाशी, तोंडाच्या खाली, अजून गुळगुळीत आहे."

त्याचे डोळे भरून आले. तरी त्याने बूच घट्ट केले आणि तो पुन्हा हलवू लागला. बहिणीचा राग काही गेला नव्हता. मात्र ती उठली नाही, समोर बसून ऐकत राहिली.

तात्पर्य एवढेच: ज्याच्या कष्टांवर आपली कला उभी आहे, त्याचे काम हलके म्हणण्याआधी ते शेवटच्या दिवसापर्यंत स्वतः करून पाहावे.