वेचलेला रंग

डोंगराच्या कुशीत एक वाडी होती, वाडीत तानी नावाची चिमुरडी होती, आणि तानीकडं रंग नव्हते. आई मोळ्या विकून येईपर्यंत कोरड्या भाकरीच्या तुकड्यावर ती हसत दिवस काढायची. पण शाळेत चित्रं काढायची वेळ आली की ती मागच्या कोपऱ्यात सरकायची. पोरं रंगपेट्या उघडत आणि तानी कोळसा काढी.

"तुझा मोर म्हणजे कावळाच की गं," शेजारची शेवंता म्हणायची.

अन् आता तर शनिवारी शाळेची भिंत रंगवायची होती. बाईंनी सांगितलं होतं, रंग ज्याचा त्यानं आणायचा.

एका पहाटे तानी ओढ्याकाठच्या पारिजातकाखाली मुसमुसत बसली होती. फुलं टपटपत होती. त्यांतलं एक खाली न पडता तसंच तरंगत राहिलं. बघते तो काय, इवलीशी परी! पांढरे पंख, केशरी पावलं.

"परीताई, मला रंग हवेत," तानी हळूच म्हणाली.

"देते की, चिमणे. फूल तोडायचं नाही, पडलेलंच घ्यायचं. द्रोणात ठेवलंस की त्याचा रंग होईल. पण रोज रंग वेच हं. वेचलास तर वाढेल, न वेचलास तर वाळेल."

तानी रोज पहाटे वेचू लागली. देठांचा केशरी, गोकर्णीचा निळा, तेरड्याचा गुलाबी. द्रोण भरले की टोपलीखाली झाकून ठेवायची. कुणाला बोटसुद्धा लावू दिलं नाही.

शनिवारी टोपली उचलली, तर सगळे द्रोण वाळून खडंग. उरला तो त्याच पहाटेचा एक द्रोण, झेंडूच्या पिवळ्याचा. तोच घेऊन ती शाळेत गेली.

भिंतीपाशी शेवंता रडत होती. कौलातून पाणी गळून तिच्या रंगपेटीचा चिखल झाला होता. तानीनं द्रोणाकडं पाहिलं. दिला, तर आपल्या हाती काही उरणार नाही.

"घे," ती म्हणाली. "सूर्य काढ. पण मोठा काढ हं."

शेवंतानं बोट बुडवलं, अन् द्रोण काठोकाठ भरला.

"आता वेचलास," कानाशी कुणीतरी कुजबुजलं.

"पण परीताई, मी तर रोज वेचत होते."

"तू गोळा करत होतीस, वेडाबाई. वेचणं म्हणजे खर्चणंसुद्धा. म्हातारी माणसं म्हणतात ना, अमक्यानं लेकरांसाठी जन्म वेचला?"

तानीला हसू फुटलं. मग तिनं पोरांना अंगणात नेलं. पडलेलं पान रंगात कसं बुडवायचं, भिंतीवर कसं दाबायचं, शिरांची नक्षी कशी उठते, सारं दाखवलं.

"पोटाकडून नाही रे, पाठीकडून दाब. शिरा पाठीला असतात," ती एकाला म्हणाली.

बाई बाजूला सरकून म्हणाल्या, "तानी, आज तूच आमची बाई. मलाही एक पान दे."

दुपारपर्यंत भिंतीवर रान उगवलं. सगळ्यांना शिकवता शिकवता तानीची स्वतःची जागा तेवढी कोरी राहिली. तिथं परी येऊन टेकली, पंख पसरले, अन् सोनेरी उजेड होऊन भिंतीत विरघळून गेली.

उजेड ओसरला तेव्हा त्या जागी पारिजातक फुलला होता. तानीनं हात लावला. रंग ओला होता, अन् बोटांना वास येत होता.